पोलिसांच्या चेहरा ओळख प्रणालीबाबत माहिती अधिकार अर्ज करायचा आहे. मसुद्यासाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

आमच्या शहरात रस्त्यांवरील सीसीटीव्ही चित्रणातून चेहरे ओळखणारी प्रणाली पोलीस वापरू लागले आहेत, असे मोहल्ला समितीच्या बैठकीत सांगण्यात आले. भलताच माणूस जुळला तर काय, या प्रश्नाला तेथे उत्तर मिळाले नाही, म्हणून माहिती अधिकारात अर्ज करण्याचे ठरवले आहे.

अशी प्रणाली ‘हाच तो’ असे सांगत नाही. ती दोन छायाचित्रांतील साम्याला गुण देते, आणि किती गुणांपुढे साम्य ग्राह्य धरायचे हे वापरणारा ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या माहिती अधिकार अर्जाला दिलेल्या उत्तरात ही मर्यादा ८० टक्के असल्याचे कळवले होते, आणि त्याखालचा निकालही थेट बाद न करता इतर पुराव्यांशी पडताळला जातो, असेही त्यात होते. म्हणजे हा आकडा मागता येतो आणि मिळूही शकतो. आमच्याकडे तो किती आहे आणि कोणत्या चाचणीवरून ठरवला, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. अमेरिकेतील ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या तपासणीत, अनेक प्रणाली आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट अधिक वेळा करतात, असे आढळले. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराजवळ राहणारे कृष्णवर्णीय रॉबर्ट विल्यम्स यांना जानेवारी २०२० मध्ये पत्नी आणि लहान मुलींदेखत अटक झाली, ती घड्याळांच्या चोरीच्या धूसर चित्रणाशी त्यांच्या जुन्या वाहन परवान्यावरचा फोटो जुळल्यामुळे. आपल्याकडे त्वचेच्या रंगाइतकाच प्रश्न आहे तो पोलिसांच्या छायाचित्र संग्रहाचा. पारधी समाजावरील ‘गुन्हेगार जमात’ हा कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, तरी आजही चोरी झाली की पहिली विचारपूस त्यांच्याच वस्तीवर होते. ज्यांना संशयावरून वारंवार उचलले जाते त्यांचेच फोटो संग्रहात अधिक असणार, आणि जुळणीही त्यांच्याशीच होण्याचा धोका अधिक. निर्दोष सुटलेल्यांचे फोटो काढून टाकतात का, हे म्हणूनच विचारायचे आहे.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. साम्याची मर्यादा, चाचणी अहवाल, संग्रहातील फोटोंचा स्रोत आणि चुकीच्या जुळणीची नोंद हे सर्व एका अर्जात बसेल का, की दोन अर्ज करावेत? तपासात अडथळा येईल असे सांगून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) खाली नकार आला, तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ च्या भगत सिंग निकालाचा आधार प्रथम अपिलात पुरेसा ठरतो का? केवळ तपास चालू आहे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे.

पोलीस आयुक्तालयाकडे असे अर्ज केलेल्यांनी प्रश्नांची नेमकी शब्दरचना सांगितल्यास फार उपयोग होईल. माझा कच्चा मसुदा पहिल्या प्रतिसादात देत आहे.