वारसफेर झाला, तरी पीएम किसानमध्ये ‘लँड सीडिंग नो’ – मदत हवी आहे

मंडळी, रत्नागिरीकडचा सामाईक सातबारा, आंबा-काजूची वरकस जमीन, खातेदार अकरा. वडील वारल्यावर 2021 मध्ये त्यांच्या मुलीचं, सुलोचनाचं, नाव वारसफेराने (वारस म्हणून सातबाऱ्यावर झालेल्या नोंदीने) लागलं. ई-केवायसी झालंय, बँक खातं आधारला जोडलंय, तरी ‘लँड सीडिंग नो’ (जमिनीची नोंद योजनेशी जोडलेली नाही) असंच दिसतं आणि 2000 चा हप्ता येत नाही.

जमीन 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नावावर हवी ही अट मृत्यूमुळे आलेल्या वारसाहक्काला नाही, म्हणून फेरफार, जुना सातबारा, मृत्यूदाखला जोडलेत. खरी गोम नावात असावी: सातबाऱ्यावर माहेरचं ‘सुलोचना गंगाराम’, आधारवर सासरचं नाव. फार्मर आयडीही (शेतकरी ओळख क्रमांक) त्यावरच अडलाय.

आता जमीन महसूल संहितेच्या कलम 155 (नोंदीतल्या लेखनचुकांची दुरुस्ती) खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागावी, की विवाह नोंदणी दाखला देऊन तलाठ्याकडूनच काम होईल? बाकी दहा सहहिस्सेदारांची संमती लागते का? निम्मे मुंबईत आहेत. हे कुणी केलं असेल तर क्रमाने सांगा.