शब्दचर्चा: ‘टीकाकरणानंतर प्रतिपिंड घटल्याने संक्रमण वाढले’

सांगलीची सून
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची मुद्रितं तपासायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. कोरोनाकाळातल्या इंदूरवर एक लेख आलाय. लेख चांगला आहे, पण एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसलेय: “टीकाकरणानंतर प्रतिपिंड घटल्याने शहरात पुन्हा संक्रमण वाढले.”

माझ्या सांगलीच्या कानाला टीका माणसावर होते, संक्रमण मकरेचं असतं आणि पिंड... जाऊ दे. सासूबाई म्हणतात, “काय वाईट आहे त्यात? इंदुरात असंच बोलतात.” २०२१ साली मी माहेरी असताना त्यांचा फोन आला होता, “आज माझा टीका झाला बाई एकदाचा.” मी घाबरून विचारलं, “कोण काय बोललं तुम्हाला?”

तर जाणकारांनी सांगावं, यातलं काय ठेवू, काय काढू?

माळवी मिरची
सूनबाई, टीका ठेवा हो! चार पिढ्या रामबागेत काढल्या आम्ही, लस म्हटलं की आमच्या पोरांना लसूण आठवतो. टीका म्हणजे टिळा, खूण. दंडावर देवी टोचल्याचा जो गोल वण राहायचा, तोच टीका. बंगालात तर देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरच्या आधीपासून देवी टोचत हिंडणारे टीकादार होते. १७६७ साली हॉलवेल नावाच्या इंग्रजानं त्या पद्धतीचं वर्णन लिहून ठेवलंय. म्हणजे शब्द काही कालचा नाही.

जुना कोश
शब्द जुना आहे, पण हिंदीत. मराठीत टीका ग्रंथावर लिहितात नाहीतर सरकारवर करतात. लसही तितकीच बोलकी आहे. इसबातून लस वाहते म्हणतो ना आपण? फोडातलं ते पातळ पाणी म्हणजे लस. एकाच्या दंडावरच्या गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या, फोडातून ते घ्यायचं आणि दुसऱ्याच्या दंडात टोचायचं. १४ जून १८०२ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली, ती अशीच. आता कुपीतल्या औषधात तसलं काही नसतं, नाव मात्र राहिलं.

अंक मराठी असेल तर लसीकरण. घरात सासूबाईंनी खुशाल टीका म्हणावं.

संक्रमण तर काढाच. लागण लिहा.

सांगलीची सून
लागणीचं सांगू का? आमच्याकडे लागण म्हणजे उसाची. आडसाली लागण, सुरू लागण. २०२० साली बातम्यांत “सांगलीत लागण वाढली” असं ऐकून आमचे अण्णा म्हणाले होते, “पाणी कुठंय एवढं?”

जुना कोश
मग तर आणखी बरं. कांडं जमिनीत लागलं म्हणजे ऊस हाती आला असं नाही. लागण वेगळी, पीक वेगळं. विषाणूचंही तेच: लागण झाली म्हणजे माणूस आजारी पडलाच असं नाही. संक्रमण लिहिलंत की हा फरक पुसला जातो. ‘बाधित’ मला सरकारी वाटतो, आणि भूतबाधा आठवते ती वेगळीच.

लॅबकाका
शब्द बदला खुशाल, पण वाक्यातला खरा खडा कुणाला लागलाच नाही. तो ‘घटल्याने’मध्ये आहे.

आधी प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी: विषाणूला अडवायला शरीर बनवतं ते प्रथिन. पिंड ऐकून दचकू नका, इथे कावळ्याचा संबंध नाही. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड, म्हणजे शरीर. पाउल एर्लिख यानं १८९१ साली जर्मनमध्ये ‘अँटिक्योर्पर’ शब्द वापरला, त्यातल्या ‘क्योर्पर’चा अर्थही शरीरच. तेव्हा प्रतिपिंड हा नेमका शब्द आहे. लिंग मात्र सांभाळा: अँटिबॉडी ‘आल्या’, प्रतिपिंडं ‘आली’.

मी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली. २०२१च्या उन्हाळ्यानंतर लोक प्रतिपिंडांचा रिपोर्ट दहावीच्या निकालासारखा न्यायला यायचे. एकदा दोन साडू एकाच दिवशी आले. एकाचा आकडा १४०, दुसऱ्याचा १९००. १४०वाले इतके हिरमुसले की पार्किंगमध्ये आपली स्कूटर ओळखेनात. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले: दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी किट. एका किटमध्ये ०.८च्या वर गेलं की पॉझिटिव्ह, दुसऱ्यात ५०च्या वर. किलो आणि शेर एकाच काट्यावर तोलून कसं चालेल? शिवाय कोविशील्डनं विषाणूच्या अंगावरच्या काट्याविरुद्धची, म्हणजे स्पाइकविरुद्धची प्रतिपिंडं तेवढी तयार होतात. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मेलेला विषाणू असतो, म्हणून आतल्या प्रथिनाविरुद्धचीही होतात. तुम्ही नेमकं काय मोजलंत, हे आधी पाहावं लागतं.

आता ‘घटल्याने’. प्रतिपिंडं उतरतातच. रक्तात फिरणाऱ्या आयजीजीचं, म्हणजे मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचं, अर्धआयुष्य साधारण २१ दिवस; तेवढ्यात निम्मी उरतात. ती बनवणाऱ्या बऱ्याच पेशी काम झालं की मरतात. मागे राहतात त्या स्मृतिपेशी, त्या रक्ताच्या त्या रिपोर्टात दिसत नाहीत. विषाणू पुन्हा आला की त्या कामाला लागतात, पण दोन-चार दिवस घेतात. तेवढ्यात घसा धरतो, नाक गळतं. म्हणून लागण होते आणि तरी बहुतेकांचं फुप्फुस वाचतं. त्यात नोव्हेंबर २०२१मध्ये ओमिक्रॉन आला, त्यानं काटाच बदलला. आहेत ती प्रतिपिंडंही नीट बसेनात. दोष सगळा घटण्यावर टाकलात तर वाचणारा म्हणेल, लस वायाच गेली.

माळवी मिरची
काका, मग त्या सर्व्हेत आपण पहिले आलो होतो ते काय? मध्यप्रदेश ७९ टक्के! आम्ही तर पोहे-जिलबी वाटायच्या बेतात होतो.

लॅबकाका
तो जून-जुलै २०२१चा, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा चौथा सर्व्हे. देशात ६७.६ टक्के, केरळात ४४.४, आपल्याकडे ७९. पण तो आकडा कसला, हे शब्दातच बघा: ‘प्रतिपिंडं आढळली’. लशीनं आली की आजारानं, हे त्यात सांगितलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये या शहरात ऑक्सिजनसाठी लोक कसे धावले, ते मिरचीताईंना मी सांगायला नको. ७९मधले कितीतरी तिथून आलेले. पहिला नंबर कसला, जिवावर बेतून मिळालेले मार्क ते. लोकांनी मात्र ‘आढळली’चं ‘सुरक्षित’ करून टाकलं, आणि जानेवारी २०२२मध्ये घरोघर पुन्हा खोकला.

जुना कोश
‘ब्रेकथ्रू’ला काय म्हणावं, काका? ‘भेदक संसर्ग’ वाचलंय मी कुठेतरी. वाघनखं आठवली.

लॅबकाका
‘लशीनंतरची लागण’. शेवटच्या डोसनंतर चौदा दिवस उलटून झालेली. भेदलं वगैरे म्हणू नका, तट पडल्यासारखं वाटतं.

सांगलीची सून
सगळ्यांचं ऐकून असं केलंय: “लसीकरणानंतर काही महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं उतरली, त्यातच विषाणूनं रूप बदललं आणि शहरात लागण पुन्हा वाढली, इस्पितळात भरती होणारे मात्र दुसऱ्या लाटेच्या मानानं कमी होते.”

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बरं आहे, पण माझा टीकाच झाला होता.” आता वाक्य तिप्पट झाल्यामुळे परिच्छेद पुढच्या पानावर गेलाय आणि तिथली शेव-फरसाणची अर्ध्या पानाची जाहिरात कुठे बसवायची, ते कोणीतरी सांगा. त्यांचे पैसे आगाऊ घेतलेत.