मदत हवी आहे: आईच्या फोनवर आपोआप टच होतोय. फोल्डर (टचसकट पडद्याचा संच) गेलाय की सॉफ्टवेअर?

कैरीपन्हं

नमस्कार मंडळी,

आई चिपळूणजवळ गावी असते, मी पुण्यात. तिचा अँड्रॉइड फोन चारेक वर्षांचा आहे, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १२. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर प्रतिसाद ब्रँडच्या भांडणातच जातील.

तक्रारी अशा:

स्क्रीनला हात न लावता ॲप उघडतात, मेसेजमध्ये अक्षरं उमटतात, एकदा तर माझ्या मामाला रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल लागला. संध्याकाळनंतर जास्त होतं. शेजारच्या काकूंच्या मते फोनला लागीर झालंय.

बॅटरी ३०-३५ टक्के दिसत असते आणि फोन एकदम बंद पडतो. चार्जरला लावला की परत ३० दाखवतो.

कॉल चालू असताना स्क्रीन काळी होते ती उजळतच नाही, त्यामुळे आईला कॉल कट करता येत नाही.

शिवाय फोन हँग होतो, व्हॉट्सॲप उघडायला युगं लागतात.

बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं, "फोल्डर बदलावा लागेल, साडेतीन हजार." दुसरा म्हणाला, "सॉफ्टवेअर मारून देतो (म्हणजे नव्याने टाकून देतो), पाचशे द्या." दोघांनीही फोन जेमतेम मिनिटभर हातात धरला असेल. आई बचत गटाची सचिव आहे, हप्त्यांच्या वहीचे फोटो आणि सगळ्या बायकांचे नंबर त्या फोनमध्येच आहेत. त्यामुळे फोन कोऱ्या अवस्थेत परत आला तर माझी धडगत नाही.

मी दिवाळीआधी तिकडे जाऊ शकत नाही. शेजारचा बारावीतला मुलगा हुशार आहे, सांगितलेलं नीट करतो. पैसे घालण्याआधी बिघाड हार्डवेअरचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे त्याच्याकडून घरच्या घरी तपासून घेता येईल का? आणि कुठल्या क्रमाने?

निळीशाई

आधी सर्वांत स्वस्त गोष्ट: सेफ मोड. पॉवर बटण दाबून धरायचं, 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावर बोट दाबून ठेवायचं. बऱ्याच फोनवर सेफ मोडचा पर्याय येतो. नाही आला तर फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण धरून ठेवायचं. या मोडमध्ये आपण टाकलेली सगळी ॲप झोपलेली असतात, फक्त फोनसोबत आलेली चालतात. डेटा कुठेही जात नाही. तासभर तसाच वापरू द्या. तिथेही आपोआप टच झाला तर बाहेरून आलेल्या ॲपचा संबंध नाही.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका. आई यूपीआय वापरत असतील तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये कुठल्या ॲपला परवानगी दिली आहे ते आजच बघा. ही परवानगी मिळालेलं ॲप माणसासारखं स्क्रीनवर टॅप करू शकतं, स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं. 'वीजबिल भरा', 'केवायसी करा' म्हणून लिंकवरून जी ॲप टाकायला लावतात ती नेमकी हीच परवानगी मागतात. स्क्रीन शेअर करणारं एखादं ॲप कुणी टाकायला लावलंय का, तेही विचारा. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्टचं (घातक ॲप शोधणारी गुगलची सोय) स्कॅन.

सोल्डरगन

रिपेअरिंगच्या धंद्यात होतो, आता सोडलाय. निळीशाई म्हणतात ते आधी कराच, पण लक्षणांवरून मला हार्डवेअर वाटतंय. संध्याकाळनंतर वाढतं म्हणजे काय? संध्याकाळी फोन चार्जिंगला लागतो का?

टचचा पडदा बोटाचा दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की विद्युतभारात जो किंचित फरक पडतो तो मोजतो. स्वस्त चार्जरमधून विजेचा खरखराट फोनपर्यंत आला की पडद्याला नसलेली बोटं दिसायला लागतात. म्हणून पहिली परीक्षा चार्जर काढून. दुसरी, स्क्रीनगार्ड आणि कव्हर काढून, पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसून.

तिसरी परीक्षा माझी आवडती. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' मध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. (काही कंपन्यांत बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या स्वतःच्या व्हर्जनवर टॅप करावं लागतं.) त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. आता जिथे जिथे टच होईल तिथे रेघ उमटेल. फोन टेबलावर ठेवा, हात लावू नका, बघत बसा. रेघा फक्त चार्जिंगच्या वेळी आणि कुठेही उमटत असतील तर चार्जर. एकाच पट्ट्यात किंवा कोपऱ्यात सारख्या उमटत असतील तर तो भाग पडद्याचा, किंवा पडद्याला आतून काहीतरी त्रास देतंय. मुलाला स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती रेकॉर्डिंग कामाची.

कॉलमधली काळी स्क्रीन वेगळी भानगड आहे. कानाजवळ फोन गेला की पडदा विझवणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. गार्ड तिरका बसला, नाहीतर त्यावर तेलकट थर बसला की सेन्सरला फोन कायम कानालाच आहे असं वाटतं. गार्ड काढल्यावर बहुधा सुटेल.

जुना_कीपॅडवाला

एवढा व्याप कशाला? सात-आठ हजारांत नवा येतो. आईला नवा घेऊन द्या की.

कैरीपन्हं

@जुना_कीपॅडवाला, आईला सांगून बघा तुम्ही. "चालतोय की" हे उत्तर तयार असतं.

@निळीशाई, ॲक्सेसिबिलिटी पाहिली, काही नाही. प्ले प्रोटेक्टही स्वच्छ.

@सोल्डरगन, हो, संध्याकाळी चार्जिंगला लावूनच मालिका बघते ती! फोनच्या टेस्टचे ते चांदणी-हॅशवाले नंबर असतात ना, ते वापरायचे का?

सोल्डरगन

वापरा, पण जपून. सॅमसंगला *#०*# टाकलं की टेस्टचा मेनू येतो. लाल-हिरवा-निळा पडदा, टच, सेन्सर, स्पीकर, व्हायब्रेशन, सगळं एकेक करून बघता येतं. शाओमी-रेडमीला *#*#६४८४#*#*, ओप्पो-रिअलमीला *#८९९#. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, काहींत बंदही केलेलं असतं. प्रॉक्सिमिटी त्यातच तपासा, सेन्सरवर हात धरला-काढला की आकडा बदलायला हवा.

पण व्हिडिओत दिसले म्हणून कुठलेही नंबर दाबू नका. २०१२ मध्ये रविशंकर बोरगावकर या संशोधकाने अर्जेंटिनातल्या एका परिषदेत दाखवलं होतं, की वेबपेजमध्ये लपवलेल्या अशाच एका कोडने त्या वेळचे काही सॅमसंग फोन न विचारता कोरे होत होते. ते छिद्र कधीच बुजवलंय. तरी अनोळखी कोड तो अनोळखीच. आणि कुणी फोनवरून *४०१* ने सुरू होणारा नंबर दाबायला सांगितला तर सरळ कट करा, तो कॉल दुसरीकडे वळवायचा डाव असतो.

हापूसप्रेमी

धाग्यात घुसतोय, माफी. मी जुना फोन घेतोय, त्यात काय काय बघू?

निळीशाई

@हापूसप्रेमी, वेगळा धागा काढा हो. थोडक्यात: *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा, तो डबीवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. मग केवायएम (KYM), एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथीची सोय आहे, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. आणि विकणाऱ्याला त्याचं गुगल अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल.

कैरीपन्हं

मुलाने काल सगळं करून पाठवलं.

गार्ड काढल्यावर कॉलची अडचण गेली. गार्डच्या वरच्या कडेला धुळीचा थर होता.

सेफ मोडमध्येही आपोआप टच झाला.

चार्जर काढल्यावर कमी होतो, पण जात नाही. पॉइंटरच्या रेघा सगळ्या उजवीकडे खालच्या भागात उमटतात. फोन गरम झाला की जास्त.

स्टोरेज ६४ पैकी ६१ जीबी भरलंय. त्यात गुड मॉर्निंगची फुलं किती असतील ते विचारू नका.

म्हणजे फोल्डरच ना? घालू का साडेतीन हजार?

सोल्डरगन

थांबा. अजून एक गोष्ट बघायला सांगा, आजच. कव्हर काढून फोन सपाट टेबलावर उताणा ठेवायचा आणि कोपऱ्यावर हलकं बोट टेकवायचं. डुगडुगतो का? नंतर पालथा ठेवून तेच. मग डोळ्यांच्या रेषेत धरून कडेने बघायचं, पडदा आणि फ्रेम यांच्यात फट पडली आहे का.

कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे काही फोन उताणे तसेही डुगडुगतात, त्यामुळे पालथा ठेवून बघणं आणि फट बघणं महत्त्वाचं.

चार वर्षांची बॅटरी, ३५ टक्क्यांवर बंद पडणं आणि गरम झाल्यावर एकाच भागात टच, ही तिन्ही एकत्र आली की मला बॅटरी फुगल्याचा संशय येतो. फुगलेला सेल आतून पडद्याला रेटतो, पडदा वाकला की तिथल्या विद्युतभारात फरक पडतो आणि पडदा त्यालाच बोट समजतो. ३५ वर बंद पडण्याचं कारणही तेच घराणं. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, मग कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉलसारखा भार आला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. टक्के शिल्लक दिसतात, पण फोन चालवण्याएवढा विजेचा दाब राहत नाही.

कैरीपन्हं

व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पालथा ठेवल्यावर डुगडुगतोय. उजव्या कडेला फट आहे, त्यातून नख जाईल एवढी. आई म्हणते, "ते कव्हर घट्ट बसत नाही म्हणून मी रबर लावलं होतं." मला आता भीती वाटतेय.

सोल्डरगन

घाबरू नका, पण चार्जिंग या क्षणापासून बंद. फोन बंद करा. दाबून फट मिटवायची नाही, रबर काढा, टोचायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, फ्रिजमध्ये तर अजिबात नाही (असले सल्ले फिरत असतात). गादी, कपडे, चूल यांच्यापासून लांब, उघड्या फरशीवर ठेवा आणि उद्याच दुकानात न्या. लिथियमचा सेल फुगतो तो आतल्या रसायनांच्या विघटनातून तयार झालेल्या वायूने. बहुतेक वेळा तो तसाच पडून राहतो, पण टोचला किंवा वाकवला तर पेट घेऊ शकतो.

आणि साडेतीन हजारांचा फोल्डर आत्ता टाकू नका. फुगलेली बॅटरी आत तशीच राहिली तर नवा फोल्डरही ती उचलणार. आधी बॅटरी, मग पडदा तपासायचा.

निळीशाई

आणि ते पाचशेचं 'सॉफ्टवेअर मारणं' टळलं हे बरं झालं. त्यात फोन बहुधा पूर्ण कोरा होतो. बॅटरी बदलल्याने मात्र डेटाला धक्का लागत नाही. त्यामुळे बॅकअपसाठी फोन चालू ठेवायची किंवा केबलने लॅपटॉपला लावायची गरज नाही, केबल लावली की चार्जिंगही सुरू होतं. फोन बंद करून द्या. सिमकार्ड काढून घ्या म्हणजे ओटीपी आईकडेच येतील, ते एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला. दुकानदाराला पॅटर्न-पिन आधी देऊन ठेवू नका, तपासताना मुलाला समोर उभं राहून उघडायला सांगा.

फोन परत आला की वहीचे फोटो आधी बाहेर काढा. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे जागा भरली असेल तर तो गुपचूप थांबलेला असू शकतो. शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा ते बघा.

जुना_कीपॅडवाला

माझाही फोन हल्ली पाठीकडून वाटोळा दिसतोय. मला वाटलं कव्हर सैल झालंय. बघतो.

सोल्डरगन

@जुना_कीपॅडवाला, बघतो नाही, आत्ता बघा.

कैरीपन्हं

अपडेट. बॅटरी बदलली. मजुरीसकट अकराशे घेतले, पडदा पुन्हा चिकटवून दिला. दुकानदाराने जुना सेल काढून दाखवला, उशीसारखा झाला होता. आपोआप होणारा टच पूर्ण बंद. ३५ टक्क्यांवर बंद पडणंही थांबलं. मुलाने व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढून २० जीबी मोकळे केले, हँग होणं बरंच कमी झालं. वहीचे फोटो ड्राइव्हवर गेले.

एक राहिलं. पांढऱ्या पडद्यावर उजवीकडे खाली एक फिकट डाग दिसतो. आणि आईने रात्रभर चार्जिंगला लावणं बंद करायला हवं का?

सोल्डरगन

डाग दाबामुळे आलाय, एलसीडीच्या मागच्या प्रकाशाचे थर तिथे चेपले गेलेत. टच तिथे चालतोय ना? मग राहू द्या. वाढला तर बघू.

रात्रभर चार्जिंगपेक्षा उष्णता वाईट. उशीखाली आणि जाड कव्हरमध्ये चार्जिंग नको, चार्जर चांगला घ्या. सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय असेल तर चालू करून द्या, जुन्या फोनमध्ये नसेलही. आणि चार्जिंगला लावून मालिका बघणं थांबवा. ते जमेल असं वाटत नाही, पण सांगून बघा.

कैरीपन्हं

सांगितलं. "बॅटरी नवी आहे ना आता?" असं उत्तर आलं.