नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांनीही स्त्री-पुरुष पगारातली तफावत जाहीर करावी का?

त्र्यंबकरोड: शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बाजार नियामक सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात स्त्री-पुरुषांचा मध्यक (पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) पगार वेगवेगळा द्यावा लागतो. एमआयडीसीतल्या साठ माणसांच्या युनिटला तसं बंधन नाही. तरी वर्षातून एकदा आकडा नोटीस बोर्डावर लागावा.

पाथर्डीफाटा: साठांत बाया नऊ. मध्यक म्हणजे ओळीतल्या पाचवीचा पगार. उद्या दोन नव्या हेल्पर घेतल्या की तो घसरणार, म्हणजे बायकांना काम दिलं म्हणून मालक बदनाम! शिवाय क्यूसीत (माल तपासणीत) एकच बाई असेल तर आकडा कुणाचा हे चहाच्या टपरीलाही कळतं.

त्र्यंबकरोड: मग ग्रेडनुसार मांडा, पाचपेक्षा कमी जणी असतील तो गट छापू नका. मूळ पगार आणि ओटी (ओव्हरटाइम) मात्र वेगळे दाखवाच. तासाला ९० रुपये, महिन्याचे २०८ तास, म्हणजे दोघांनाही १८,७२०. तफावत शून्य. पुरुषाने १६ तास ओटी केली, दुप्पट दराने २,८८० वाढले, हातात २१,६००. आता तफावत १३.३ टक्के.

पाथर्डीफाटा: हा काय भेदभाव? जो थांबतो त्याला मिळतं. कायदा सारख्या कामाला सारखा पगार म्हणतो, सारखी ओटी नाही.

त्र्यंबकरोड: थांबणार कशी? शिफ्ट पाचला सुटते, सुपरवायझर ओटी साडेचारला सांगतो आणि कंपनीची बस सव्वापाचला निघते. यादी आदल्या दिवशी लावा, ओटीच्या दिवशी दुसरी फेरी ठेवा. आकडा फोडल्याशिवाय हे दिसतच नाही.

सिन्नरकर: दोघंही मस्टरवरच्या (कंपनीच्या हजेरीपटावरच्या) बायकांबद्दलच बोलताय. पॅकिंगच्या बऱ्याच जणी ठेकेदाराकडे असतात, त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणून तफावत कागदावर छान दिसते. दुसरी मेख हुद्द्याची. पॅनेलचं वायरिंग करणारी, ड्रॉइंग वाचून तारेला लग क्रिंप करणारी (धातूचं टोक दाबून बसवणारी) बाई वर्षानुवर्षं ‘हेल्पर’, म्हणजे अकुशल. शेजारच्या टेबलावर तेच करणारा ‘वायरमन’. ग्रेडनुसार मांडलं तर दोघं वेगळ्या रकान्यात जाणार आणि तफावत पुन्हा शून्य! आधी प्रत्यक्ष काम बघून हुद्दे लावा.

पाथर्डीफाटा: हुद्द्याचं पटलं. पण ठेकेदार पगारपत्रकं देणार का?

सिन्नरकर: त्याचं बिल पास करताना हजेरी आणि पगाराचा तक्ता जोडून घेताच ना? त्यातच स्त्री-पुरुष असा एक रकाना वाढवा.