मे महिन्याचे आजोळ आणि गोव्याच्या शर्यतीचा सराव

प्रश्न: पावसाळ्यानंतर गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ साठी, म्हणजे १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे यांसाठी, मी तयारी करत आहे. मात्र मे महिन्यात मुलांसह गुहागरला जायचे असून रविवारची लांब सायकलफेरी आधीच घरात कुरबुरीचा विषय झाली आहे. सराव कसा बसवावा?

उत्तर १: सायकल घरीच ठेवावी. पहाटे धावून घावन तव्यावर पडेपर्यंत परतावे. आठवड्यातून एक-दोनदा जोराचा सराव राखला, तर सरावाचे तास घटले तरी कमावलेली क्षमता फारशी उतरत नाही. कोकणातल्या दमट उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला नेहमीच्या वेगाचा हट्ट नको.

उत्तर २: समुद्रात एकट्याने मुळीच पोहू नये, मेअखेरीस तो खवळू लागतो.

उत्तर ३: माझे यजमानही हाच सराव करतात. आम्हाला त्यांचे जाणे खुपत नाही, 'दोन तासांत येतो' म्हणून दुपारी उगवणे खुपते. निघण्याआधी परतीची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. शिवाय दुपारी मुले तुमच्याकडे सोपवून वहिनींना निवांत झोपू द्यावे, हे कोणताही प्रशिक्षक सांगणार नाही.