अपघातातून घर वाचलं. आता नवस, जागरण आणि आभार नीट कसे पार पाडायचे?

नीरेकाठ
नमस्कार मंडळी. खंबाटकी घाटात गाडी कठड्याला धडकून उलटली. खंडोबाच्या कृपेने चौघेही वाचलो. बायकोच्या पोटाला सीटबेल्टच्या पट्ट्याचा मार बसून आतड्याला इजा झाली. शस्त्रक्रिया झाली, आता ती घरी आहे. सात वर्षांचा मुलगा धडधाकट आहे, पण गाडीचं नाव काढलं की रडतो. आईने तिथेच नवस बोलला, "अनवाणी गड चढीन, घरी जागरण घालीन." तिला मधुमेह आहे. पुढच्या सोमवती अमावस्येला जेजुरीला जायचं म्हणते. जागरणाला काय काय लागतं? एवढ्यात गेलेलं चालेल का? आणि ज्या ट्रकवाल्याने बायकोला लगेच दवाखान्यात पोचवलं, तो पैसे घेत नाही. त्याचं काय करावं?

कडेपठार_वाट
आधी सोमवती डोक्यातून काढा. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि मागून रेटा येतो. चंपाषष्ठी आणि मोठ्या पौर्णिमांनाही तेच. देवाचा वार रविवार, तेव्हाही गर्दी असतेच. मधला एखादा वार धरा, सकाळी लवकर चढा. दुपारी दगड तापतो.

देवाची तळी घरीसुद्धा भरता येते, तेवढी आत्ताच उरकून घ्या. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, एक नाणं, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा, म्हणजे देवाची हळदपूड. दोन वाट्या खोबरं आणि पावशेर भंडारा घरच्यांना पुरून उरतो. तीन, पाच, सात अशा विषम संख्येने माणसं ताम्हणाला हात लावतात आणि "सदानंदाचा येळकोट" म्हणत तीनदा उचलतात. हात पुरुषांनीच लावायचा ही जुनी चाल. आता बऱ्याच घरांत बायकाही लावतात. तुमच्या भाऊबंदात काय आहे ते वडीलधाऱ्यांना विचारा.

जागरणाला वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाची गाणी म्हणणारे, आधी ठरवा, चांगला संच ऐनवेळी मिळत नाही. पाट, कोरं कापड, गहू किंवा तांदळाची रास, त्यावर कलश आणि नारळ. भोवती पाच ऊस शेंड्याला एकत्र बांधायचे; ऊस नसेल तिथे ज्वारीची धाटं. नैवेद्याला पुरणपोळी, वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा. दिवटी-बुधली (देवाची मशाल आणि तिचं तेलाचं भांडं) बहुधा घरची असतेच. दिवटीची चिंधी तेलात पुरती भिजवा, अर्धी कोरडी राहिली तर ती भसाभस जळते आणि ठिणग्या टाकते. शेवटी वाघ्या लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडतो, त्या वेळी पोरं साखळीच्या आवाक्यात नकोत. गोंधळ हा देवीचा, संबळ वाजवणारे गोंधळी वेगळे. दोन्ही घालायचं असेल तर दोघांना सांगावं लागेल.

भंडारा उधळताना मात्र सांभाळा. स्वस्त भंडाऱ्यात रंग आणि पीठ मिसळलेलं असतं, डोळे चुरचुरतात. आणि हळद-पिठासारखी बारीक पूड हवेत उडाली की ज्योतीजवळ भडका घेते. दिवटी पेटलेली असताना तिच्यावर मूठ फेकायची नाही. उधळायचा नसेल तर भंडारा नुसता कपाळाला लावा, देवाला तेवढंही पुरतं.

पट्टी_बदल
मी वॉर्डातलं बोलतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, सर्जन वेगळं सांगतील तर तसं. कारण टाके बाहेरून भरले तरी आतला स्नायूचा थर हळू सांधतो आणि ताण पडला की तिथून हर्निया फुगतो. पाण्याने भरलेली कळशी, पुरणाचं पातेलं, सात वर्षांचं मूल कडेवर, हे सगळं जड. गड चढणं तर त्याहून पुढचं. जखमेवर भंडारा लावू नका. हळदीने बरं होतं असं म्हणतात, पण त्या पुड्यात काय मिसळलंय ते कुणी पाहिलेलं नसतं. ताप, वाढतं पोटदुखणं, उलट्या किंवा टाक्यांतून पाणी आलं तर जागरण राहू द्या, दवाखाना गाठा.

आईंचा मुद्दा जास्त गंभीर आहे. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही, आणि ती जखम चिघळते. अनवाणी नको. घरचा दुसरा कुणी त्यांच्या वतीने अनवाणी चढू शकतो, आईंनी पायथ्याशी नारळ द्यावा. उपास धरणार असतील तर गोळी आणि इन्सुलिनची मात्रा आधी डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी. नाहीतर साखर खाली जाऊन गडाच्या पायरीवर घाम फुटून बसतील.

मुलाची दृष्ट काढा, त्यात काही बिघडत नाही. पण "देव कोपला होता" किंवा "तू मस्ती करत होतास" असं त्याच्या कानावर पडू देऊ नका. पोरं ते स्वतःवर घेतात. आधी उभ्या गाडीत पाच मिनिटं बसवा, मग गल्लीत फेरी, मग जवळचा रस्ता. जबरदस्ती नाही. महिन्यानंतरही झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं चालू राहिलं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

ओढकाम
गाडीबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला तर विमा कंपनी गाडी पूर्ण बाद धरते. बाद झाली तर मोडीत देताना मालकी हस्तांतराचे कागद करा आणि फास्टॅग बंद करा. दुरुस्तच करणार असाल तर फुटलेल्या एअरबॅगसोबत सीटबेल्ट धडकेत ओढून धरणारं ताणयंत्रही (प्रिटेन्शनर) बदलून घ्या. ते एकदाच काम करतं. पट्टा वरून धडधाकट दिसतो, पण पुढच्या धडकेत ओढून धरत नाही. मुलाची सीट असेल तर तीही नवी.

आणि नव्या गाडीत खंडोबाची मूर्ती डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला चिकटवू नका. तिथेच बहुतेक गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग असते, डोळ्याची पापणी लवायच्या आत झाकण फाडून बाहेर येते. वर पितळी मूर्ती असेल तर ती थेट समोरच्याच्या तोंडावर जाते. आरशाला लटकवलेली माळसुद्धा नजर अडवते. देव डॅशबोर्डच्या झाकणाच्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्समध्ये) बसवा. तिथे तो जास्त सुरक्षित, आणि तुम्हीही.

मदतीचा_हात
ट्रकवाल्याबद्दल. केंद्राच्या राह-वीर योजनेत गंभीर जखमीला पहिल्या तासात, म्हणजे ज्याला सोनेरी तास म्हणतात त्या वेळात, दवाखान्यात पोचवणाऱ्याला 25,000 रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळतं. मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम गंभीर धरली जाते, त्यामुळे तुमचं प्रकरण बसायला हरकत नाही. पोलीस पडताळणी करतात आणि निर्णय जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दाखल केल्याची वेळ दाखवणारा दवाखान्याचा कागद जपून ठेवा. अर्ज पुढे सरकण्यासाठी त्याचं नाव द्यावं लागेल, म्हणून आधी त्याची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. ट्रकवाले नेमके याच भीतीने लांब राहतात, म्हणून हे त्याला शांतपणे समजावून सांगा. खर्चाचे कागद पाहताना हेही बघा: 2025 च्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोखविरहित उपचार आहेत.

नीरेकाठ
सगळ्यांचे आभार. आई अनवाणी न चढायला राजी झाली, पण जागरणाचा हट्ट सोडत नाही. ट्रकवाल्यालाही बोलवायचं म्हणते. जागरणात त्याला काय मान द्यायचा?

कडेपठार_वाट
तळीला पहिला हात त्याचा लावा, शेला-नारळ द्या, पंगतीत आईंनी स्वतः वाढावं. पैशाचं पाकीट पुन्हा पुढे करू नका, एकदा नाही म्हणालाय. जागरणाची तारीख मात्र बायकोचे सहा आठवडे उलटल्यावरची धरा, आणि ती त्याच्या फेऱ्या विचारून ठरवा. ट्रकवाल्याला रविवारीच गाडी भरायची असू शकते. रात्रभर बसवून ठेवू नका, लंगर तुटेपर्यंत थांबला तर पहाटे झोप न घेता स्टिअरिंगवर बसेल. दहा वाजता तळी उचलून जेवायला वाढा आणि मोकळा करा.

नीरेकाठ
त्याला आज फोन करतो. तो मंगळवारी परतीला असतो म्हणाला होता.

कडेपठार_वाट
मग मंगळवार धरा. वाघ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, आणि पाच ऊस शेतातून आणताना शेंडे मोडू देऊ नका, बांधायला तेच लागतात.