मदत हवी आहे: ट्रॉलरच्या इंजिनात ऑइलची पातळी वाढतेय आणि प्रेशर पडतंय

नमस्कार मंडळी, इथे बोटवाले, मरीन इंजिनिअर किंवा डिझेल पंपाची कामं करणारं कोणी असेल तर प्लीज वाचा, घाईचं आहे.

आमचा ट्रॉलर मिरकरवाड्याला असतो, समुद्रावर बाबा आणि तांडेल काका जातात, इंजिनाचं सगळं मी बघतो. सहा सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा इनलाइन पंप (सिलिंडरना दाबाने डिझेल देणारा), हीट एक्स्चेंजर लावून मरीन केलेलं. यंदा जून-जुलैच्या बंदीत हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले, नोझल टेस्ट करून आणले, 15डब्ल्यू-40 ऑइल नवीन भरलं, फिल्टर नवीन. ऑगस्ट छान गेला. आता थंड असताना प्रेशर साडेचार किलो, म्हणजे नेहमीचंच, पण चार-पाच तास ट्रॉलिंग झालं की दोनवर येतं (पूर्वी साडेतीनच्या खाली जायचं नाही) आणि जाळं घ्यायला स्लो केलं की काटा 0.8 ला टेकतो. मीटर खोटं दाखवतंय का म्हणून दुसरं लावून बघितलं, तोच आकडा.

पण मला जास्त खटकतंय ते हे की ऑइल कमी होत नाहीये, वाढतंय. डिपस्टिकवर मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर आलंय आणि कोणी टॉप अप केलेलं नाही, सगळ्या खलाशांना विचारून झालं. दुधाळ नाही, काळंच आहे, पण बोटांत चोळलं तर पातळ लागतं आणि मला त्याला डिझेलचा वास येतो. तांडेल काका म्हणतात इंजिनरूममध्ये सगळ्यालाच डिझेलचा वास येणार.

आमचा मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल घाल, 20डब्ल्यू-50 टाक, प्रेशर येईल. दुसरा एक जण जहाजाचं 40 टीबीएनचं ऑइल स्वस्तात बॅरलने देतोय, म्हणतो मोठ्या जहाजांना चालतं ते तुझ्या होडीला सोन्यासारखं. मला दोन्ही पटत नाहीये पण नाही म्हणायला कारण सांगता येत नाही. इंजिन न उघडता ऑइलमध्ये डिझेल आहे की खारं पाणी ते कसं ओळखायचं? आणि तोवर बोट पाठवू की थांबवू? सिझनचे दिवस आहेत, एक फेरी चुकली तर काय होतं ते बोटवाल्यांना माहितीये, पण वीस वावावर बेअरिंग धरलं तर आतल्या माणसांचं काय हा विचार झोपू देत नाही.

दर्यावर्दी:
दादा, बोट थांबवा, ही पहिली गोष्ट. मी जहाजांवर इंजिनाकडेच असतो. पातळी वाढतेय, ऑइल पातळ झालंय आणि दुधाळ नाही, म्हणजे डिझेलच उतरतंय असं धरून चाला. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, डिझेलची वाफ साठली आणि एखादं बेअरिंग तापलं तर स्फोट होऊ शकतो, मोठ्या जहाजांवर यासाठीच ऑइल मिस्ट डिटेक्टर लावतात.

घरच्या घरी बघायचं तर इंजिन गरम असताना डिपस्टिकवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाका आणि रात्रभर सपाट ठेवा. काळ्या डागाच्या बाहेर फिकट, तेलकट, आरपार दिसणारं कडं पसरलं तर डिझेल. पाण्यासाठी तापलेल्या तव्यावर अगदी बारीक थेंब, तडतडला तर पाणी. हे किनाऱ्यावर मोकळ्यात करा, बोटीवर नको. पक्कं हवं तर लॅबमध्ये व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) काढा, 15डब्ल्यू-40 असो की साधं 40, 100 डिग्रीला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकमध्ये हवी. 10 च्या आसपास आली तर डिझेलच, विषय संपला.

20डब्ल्यू-50 ने काटा वर दिसेल, पण डिझेल येतच राहणार, आठवड्याने परत तेच. आणि 40 टीबीएन अजिबात नको. टीबीएन म्हणजे ऑइलमधला अल्कलीचा साठा, तो मोठ्या जहाजांच्या जाड हेवी फ्युएलमधल्या गंधकाचं ॲसिड मारायला असतो. आपल्याकडे 2020 पासून पंपावरचं डिझेल बीएस-6, गंधक फक्त 10 पीपीएम, मग मारायला ॲसिडच नाही, उरलेलं कॅल्शियम राख होऊन पिस्टनवर बसतं आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गुळगुळीत करतं.

हर्णैकर:
डिझेलच्या इनलाइन पंपाला इंजिनातून ऑइलची नळी आलीये का ते आधी बघ भावा. आली असेल तर पंपाचे प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) झिजून डिझेल कॅमबॉक्समध्ये, म्हणजे पंपाच्या तळाला, उतरतं आणि तिथून सरळ सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या टाकीत. त्या पंपाला डिझेल पुरवणाऱ्या छोट्या फीड पंपाच्या दट्ट्याची सीलसुद्धा असंच करते आणि ती स्वस्त आहे, म्हणून आधी फीड पंप बदलून बघ. नोझल टपकत असेल तर त्या सिलिंडरचा धूर वेगळा दिसला असता, तू धुराचं काहीच लिहिलं नाहीस.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बाबांना पटवलं, बोट धक्क्यालाच आहे. धूर नेहमीसारखाच होता. पेपरवर कडं आलं, स्पष्ट, डागाच्या दुप्पट. तव्यावर काही तडतडलं नाही. पंपाला नळी आहे. फीड पंप बदलून, ऑइल नवीन भरून धक्क्यालाच इंजिन चालवलं तरी पातळी थोडी वाढलीच, म्हणजे आता मोठा, इनलाइन पंप काढावा लागणार. सहाही प्लंजर बदलायचे की गळतोय तेवढाच? आणि इतके दिवस पातळ ऑइलवर चाललंय तर बेअरिंग बघायला सम्प उतरवायचा का, आमच्या इंजिनरूममध्ये त्यासाठी इंजिनच उचलावं लागतं.

दर्यावर्दी:
सहाचा सेट बदला आणि कॅलिब्रेशन करूनच (सगळ्यांचं डिझेल सारखं जुळवून) बसवा, एकच नवा टाकला तर सिलिंडरना डिझेल कमी-जास्त जाईल. सम्पचं लगेच ठरवू नका. काढलेला जुना ऑइल फिल्टर आडवा कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय, मग इंजिन उचलायलाच लागेल. नुसती काजळी असेल तर पंप बसवून नवीन ऑइलवर गरम प्रेशर बघा, साडेतीन आलं तर जाऊ द्या समुद्रावर.

मूळ धागाकर्ता:
फिल्टर ठेवलाय बाजूला. उद्या सकाळी कापतो आणि फोटो इथेच टाकतो, बघून सांगा प्लीज.